मेकॅनिक येऊन गेला, तरी मशीन उभीच: दुसरी फेरी का पडते आणि ती कशी वाचवायची

मे महिना, पाटोदा तालुका, तलावातला गाळ काढायचं काम. सकाळी अकराला पोकलेन थांबली. ऑपरेटरनं सुपरवायझरला फोन केला, सुपरवायझरनं मालकाला, मालकानं मला, कारण बंद पडलेल्या मशीनवर मेकॅनिक पाठवायचं काम माझं. मी अंबाजोगाईत बसून आमच्या मेकॅनिकला, उस्तादांना, गाठलं, तर ते परळीत दुसऱ्याच मशीनखाली आडवे झालेले. हातातलं उरकून चारला निघाले, अंधार पडल्यावर पोचले, मोबाइलच्या उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "होज गेलाय. माप घेतो, उद्या आणतो." (होज म्हणजे दाबाचं ऑइल नेणारा रबरी पाइप.) दुसऱ्या दिवशी आणलेला होज लांबीला बरोबर, पण एका टोकाचं वाकण उलट्या अंगाला. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीन चालू झाली. बसवायचं काम म्हणाल तर मागवलेला चहा गार व्हायच्या आत झालं.

मधल्या काळात गाळ वाहणारे डंपर, म्हणजे हायवा, उभ्या, ड्रायव्हर झाडाखाली पत्ते कुटतायत, गाळ न्यायला आलेले शेतकरी रिकामे ट्रॅक्टर घेऊन परत. आणि मृग तोंडावर.

असं एकदा झालं तर नशीब म्हणून सोडून देता येतं. आमच्याकडं ते दर पंधरवड्याला व्हायचं. डझनभर मशीन चार जिल्ह्यांत विखुरलेल्या: एक गेवराईकडं गोदाकाठी, एक औशाला शेततळ्यावर, एखादी थेट किनवटच्या डोंगरात. सुटे भाग मात्र लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर पुण्यात. मालकाची तक्रार ठरलेली, "मेकॅनिक वेळेवर येत नाहीत." मीही बरेच दिवस तेच धरून बसलो आणि मेकॅनिक बदलत राहिलो. मग एका पावसाळ्यात बसून वही चाळली तेव्हा दिसलं, की मेकॅनिक बहुतेक वेळा त्याच दिवशी पोचलेला होता. तो पोचून रिकाम्या हातानं परत फिरत होता. खरी खोट पहिल्या फोनमध्ये होती आणि तो फोन घेणारा माणूस मीच होतो.

"गाडी बंद पडली" म्हणजे नेमकं काय?

ऑपरेटर कुठलाही असो, गावातला असो की बिहारचा, फोनवर वाक्य एकच: "गाडी बंद पडली." याचे तीन अर्थ होतात. इंजिनच चालू होत नाही. इंजिन चालू आहे पण बूम (मशीनचा मोठा हात), बकेट हलत नाही. किंवा बाकी सगळं चालतं, फक्त मशीन जागची पुढं सरकत नाही. तिन्हींना लागणारा माणूस वेगळा, सामान वेगळं. म्हणून माझा पहिला प्रश्न आता ठरलेला आहे: इंजिन चालू आहे का? नसेल, तर फोन कानाला ठेवूनच चावी फिरवायला सांगतो आणि आवाज मी स्वतः ऐकतो. नुसता "टक" आला तर बॅटरी, टर्मिनल किंवा सेल्फ. काहीच आवाज नाही, तर आधी बॅटरीचा मेन स्विच आणि फ्यूज पाहायचा आणि बॅकहो (जेसीबीसारखी चाकांची मशीन) असेल तर गिअर न्यूट्रलला आहे का ते. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर डिझेलकडं बघायचं: टाकीत आहे का, फिल्टरच्या वाटीत पाणी उतरलंय का, कुठून हवा घेतली का. बॅरलमधून डिझेल भरणाऱ्या साईटवर पावसाळ्यात हे हमखास होतं.

हवा काढण्याबाबत एक सांगून ठेवतो. जुन्या मशीनमध्ये ऑपरेटर इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढायचे आणि ते चालून जायचं. एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना भारत स्टेज ४ चे निकष लागले. त्यानंतरच्या बहुतेक मशीनला कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी एकच जास्त दाबाची नळी, आहे. तिथल्या लाइनमध्ये चालू इंजिनला हजार बारच्या वर दाब असतो. त्या नटाला साईटवर कुणीही पाना लावायचा नाही. डिझेल लाइनचा हातपंप मारून जेवढी हवा निघेल तेवढी काढायची, पुढचं लॅपटॉप घेऊन येणाऱ्यावर सोडायचं. डिस्प्लेवर कोड आला असेल तर त्याचा फोटो आधी हवा. एकदा ऑपरेटरनं कोड पुसला जाईल या भीतीनं रात्रभर चावी चालूच ठेवली आणि सकाळी बॅटरीही गेली.

बॅटरीवरून आठवलं. मशीन सुरू होत नाही म्हटलं, की साईटवरचा कोणी तरी उत्साही माणूस शेजारची हायवा आणून केबल लावतो. हायवा २४ व्होल्टची, बॅकहो लोडर बहुतेक १२ व्होल्टचा. त्यात शंभर रुपयांच्या टर्मिनलचा बिघाड ईसीयूवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, जातो. मोठ्या पोकलेनला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडून २४ केलेले असतात, तिथं ट्रॅक्टरची एकटी बॅटरी काहीच करत नाही. व्होल्ट न विचारता केबल लावायची नाही, हा नियम मी साईटवर रंगानं लिहूनच टाकलाय.

आता इंजिन चालू पण काम होत नाही, हा प्रकार. इथं एका प्रश्नात निम्मं निदान होतं: सगळंच मंद झालंय की एकच काम? बूम, आर्म, बकेट, फिरणं, चालणं असं सगळंच ढिलं पडलं असेल, तर हायड्रोलिक ऑइलची पातळी, सक्शनची जाळी, मेन रिलीफ व्हॉल्व्ह, पंप या बाजूला बघायचं. एकटी बूमच बसत असेल आणि बाकी ठणठणीत, तर त्या सिलिंडरचं सील किंवा त्या लाइनचा व्हॉल्व्ह. सकाळी गार असताना ठीक आणि दुपारी गरम झाल्यावर मंद, हे ऐकलं की उस्ताद सुस्कारा सोडतात. गरम ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपात आतल्या आत गळतं. तिथं प्रेशर गेज घेऊनच जावं लागतं, नुसते पाने घेऊन गेलात तर दुसरी फेरी नक्की.

आणि काहीच, अजिबात काहीच हलत नसेल तर? माजलगावच्या साईटवर असंच झालं. ऑपरेटर नवा, म्हणाला, "साहेब, पंप गेला, काहीच उचलंना." पंपाचं नाव ऐकून मालकाचा रक्तदाब वाढला, मी उस्तादांना हातातलं काम सोडून पळवलं. ते केबिनमध्ये चढले, सीटच्या डाव्या अंगाचा लाल लॉक लिव्हर (सगळ्या हालचाली बंद करणारा) दाबला, वर केला, परत दाबला. मग सीटमागचा फ्यूज बदलला. मशीन चालू. खाली उतरून उस्ताद माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी फोन आला, "भाऊ, पुढच्या वेळी फ्यूज पोस्टानं पाठवतो, चालेल का?" तेव्हापासून लॉक लिव्हर आणि फ्यूज हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणालाही गाडीवर बसवत नाही.

प्लेट कुठली, फोटो कशाचा

"प्लेटचा फोटो पाठव" म्हटलं की आरटीओची नंबर प्लेट येते. एमएच-२३, छान, पुसून काढलेली. त्यात ऑपरेटरची चूक नाही, आपणच अर्धवट बोलतो. हवी असते ती चॅसिसवर खिळ्यांनी ठोकलेली कंपनीची प्लेट, मॉडेल आणि सिरियल नंबरची. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या मशीनमध्ये सिलिंडरचा रॉड वेगळ्या जाडीचा निघतो आणि सील किट चुकतं. आता प्रत्येक मशीनच्या प्लेटचे, इंजिन नंबरचे, पंपावरच्या पट्टीचे आणि बॅटरीचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये मशीनच्या नावानं आहेत. मशीन साईटवर जाण्याआधी, धुतलेली असताना काढलेले. चिखलात बसलेल्या मशीनची प्लेट खरवडून वाचायची पाळी येत नाही.

बिघाडाचे फोटो दोन लागतात: एक लांबून, ज्यात भाग कुठं आहे ते कळेल, आणि एक जवळून. ऑपरेटर जवळचाच पाठवतात. तेलानं माखलेलं काही तरी काळं दिसतं आणि ते मशीनच्या कुठल्या अंगाला आहे याचा पत्ता लागत नाही. त्यापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ बरा, आवाजही येतो.

होजचं थोडं विस्तारानं सांगावं लागेल, कारण आमच्या सगळ्यात जास्त दुसऱ्या फेऱ्या होजपायीच पडायच्या. होजचा आकार आतल्या भोकावर ठरतो, बाहेरच्या जाडीवर नाही. तो इंचाच्या सोळाव्या हिश्शात सांगतात: अर्ध्या इंचाला ८ नंबर, पाऊण इंचाला १२, एक इंचाला १६. हे जुन्या होजवर छापलेलं असतं, चिंधीनं पुसलं तर दिसतं. त्यानंतर वायर किती, म्हणजे रबराच्या आत तारेचे थर किती. दोन वायरचा एक इंची होज साधारण १६५ बारचा असतो. वीस टनी पोकलेनच्या मेन लाइनला ३५० बारच्या आसपास दाब येतो. तिथं चार वायरचा, त्यातलाही जास्त दाबाचा प्रकार लागतो. गावातल्या दुकानात "हाच बसतोय, टाका" म्हणून दोन वायरचा देतात, तो बसतोही आणि संध्याकाळपर्यंत फुटतो. मग लांबी नटाच्या टोकापासून टोकापर्यंत. मग नटांचे आटे. आणि शेवटी पाटोद्याला आम्हाला नडलेली गोष्ट: दोन्ही टोकं वाकडी असतील तर एकमेकांच्या हिशेबानं ती कुठं तोंड करतात. त्यासाठी होज फरशीवर सरळ ठेवायचा, एका टोकाशी डोळा लावून दुसऱ्या टोकाकडं बघायचं आणि तसाच फोटो काढायचा.

खरं तर सगळ्यात चांगलं म्हणजे जुना होजच दुकानात पोचवणं. फुटलेला होज काढायला उस्ताद लागत नाही. चांगल्या हेल्परला दोन पाने आणि थोडी समज पुरते. तो होज मोटारसायकलवर जवळच्या क्रिम्पिंगवाल्याकडं (होजला टोकं दाबून बसवणाऱ्याकडं) गेला, की उस्ताद निघण्याआधीच नवा तयार होतो. काढल्यावर मशीनच्या उघड्या तोंडांना स्वच्छ प्लास्टिक बांधायचं. कापसाची चिंधी कोंबली तर तिचे धागे आत जातात आणि मग व्हॉल्व्ह अडकतो, ते निस्तरायला आठवडा.

होज काढण्याआधी मात्र बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, चावी चालू ठेवून सगळे लिव्हर चार-पाच वेळा हलवा, हायड्रोलिक टाकीची हवा सोडा. एवढं झालं की मगच पाना. आणि बारीक गळती कुठून आहे हे हात फिरवून बघायचं नाही, पुठ्ठा धरायचा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडीत शिरतं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत हात सडायला लागतो. असं कुणाला झालं तर हळद लावून बसायचं नाही, त्याच तासाला ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना "दाबाचं तेल आत गेलंय" हे शब्द सांगायचे.

शिरूरला ये

कोणत्या शिरूरला? बीड जिल्ह्यात शिरूर कासार. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ, आणि तिकडंच अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद. पुण्याकडचं घोडनदीचं शिरूर वेगळंच. वडगाव आणि पिंपळगाव तर मोजायच्या पलीकडं. मी स्वतः एका नव्या इलेक्ट्रिशियनला नुसतं "शिरूर" सांगून बसलो होतो. तो लातूरचा, त्याला वाटलं अनंतपाळ. मशीन उभी होती कासारला.

आता पत्त्यात गावाबरोबर तालुका आणि व्हॉट्सअॅपचं लोकेशन. त्यातही लाइव्ह लोकेशन नको. ऑपरेटर जेवायला वस्तीवर गेला की लोकेशनही त्याच्याबरोबर जेवायला जातं. मशीनजवळ उभं राहून पिन टाकायची. बालाघाटाच्या कुशीत, किंवा किनवट-माहूरकडं, मशीन असते तिथं रेंजच नसते. अशा साईटवर मशीन उतरवतानाच, लो-बेड ट्रेलर गेलेला असतो त्याच दिवशी, शेवटच्या डांबरी फाट्याची पिन घेऊन ठेवतो. बिघाडाच्या दिवशी त्या फाट्यावर हेल्पर मोटारसायकल घेऊन उभा राहतो आणि पुढं घेऊन जातो.

पाऊस झाला असेल तर तेही पुरत नाही. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि दोन सरी पडल्या की चाकाला अशी धरते की चाक फिरायचंच थांबतं. पांदण रस्त्यावर उस्तादांची पिकअप रुतली की आता दोन गाड्या काढायच्या. म्हणून जून ते सप्टेंबर मी आधी विचारतो, "गावातून ट्रॅक्टर मिळेल का?" पिकअप डांबरीवर, उस्ताद आणि पेटी ट्रॉलीत. भाडं द्यावं लागतं, द्यावं.

कुणी बोलायचं आणि कुणाकडं आधी जायचं

एका बिघाडासाठी ऑपरेटर एका मिस्त्रीला, सुपरवायझर दुसऱ्याला आणि मालक कंपनीच्या सर्व्हिसला फोन करतो, असं आमच्याकडं सर्रास चालायचं. मग एक तर दोघं येऊन एकमेकांकडं बघत बसायचे, किंवा दुसरा जातोय असं समजून कोणीच यायचं नाही. आता मेकॅनिकशी फक्त मी बोलतो. मालकाला हे पचवायला सगळ्यात अवघड गेलं.

दोन मशीन एकाच दिवशी पडल्या तर ज्याचा फोन आधी त्याचं काम आधी, हा न्याय मी सोडलाय. नदीपात्रात उभी असलेली मशीन पहिली, वर धरणातून पाणी सोडलं तर ती जाते. मग जिच्यामागं हायवांची रांग थांबलीय ती. एकट्यानं विहीर खोदणारी मशीन अर्धा दिवस थांबू शकते. त्या शेतकऱ्याला मात्र खरं सांगायचं. "येतोय, निघालाय, फाट्यावर आहे" असं करत संध्याकाळ केली, की पुढच्या वर्षी तो दुसऱ्याला बोलावतो. "आज होणार नाही, उद्या दहाला" म्हटलं तर शिव्या एकदाच खाव्या लागतात.

आणि एक अवघड जागेचं दुखणं. काही मेकॅनिक खरंच टाळतात. फोन उचलत नाहीत, उचलला तर "लग्नात आहे". यातले निम्मे आमच्या उधारीचे बळी होते. मागच्या तीन फेऱ्यांचे पैसे अडकलेले असताना चौथ्या हाकेला माणूस उन्हातान्हात शंभर किलोमीटर का येईल? आता निघण्याआधी डिझेलपुरते फोनपे, काम झालं की मजुरी त्याच दिवशी, सुट्या भागांचं बिल वेगळं. यानंतर लग्नसराई एकदम कमी झाली.

सुट्या भागांसाठी पुण्याहून रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्ससारखी सोय नाही. संध्याकाळी दुकानदाराकडून डिकीत टाकलेलं पार्सल पहाटे लातूरला किंवा नांदेडला मिळतं. फक्त गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल आणि कुठं उतरणार, ही तिन्ही लिहून घ्या. पार्सलवर मशीनचं नाव नाही, उतरवून घेणाऱ्या माणसाचं नाव हवं. आमचं एक सील किट हैदराबाद बघून आलंय.

उस्ताद निघण्याआधी

पूर्वी मशीनचा आवाज आला की आम्ही टाळ्या पिटून उस्तादांना निरोप द्यायचो आणि ते फाट्यावर पोचेपर्यंत परत फोन. गार ऑइलवर सगळं ठीक वाटतं. आता मशीन लोडवर एक तास चालवल्याशिवाय कोणी हलत नाही. तेवढ्यात ऑइल तापतं, नव्या नटाला पाझर असेल तर दिसतो, सैल राहिलेला क्लॅम्प वाजायला लागतो. जुना भाग फेकायचा नाही, पोत्यात घालून माझ्याकडं. वहीत तारीख, अवर मीटर, काय बदललं आणि कुठून आणलं.

तो एक तास काढायला उस्ताद सुरुवातीला कुरकुर करायचे, त्यांना पुढचं काम असायचं. मग मी त्या तासाला जेवण जोडलं. मशीन चालू झाली की सुपरवायझर वस्तीवर सांगतो, भाकरी, ठेचा, जमलं तर कोंबडी. उस्ताद लिंबाखाली जेवतात, कान मशीनकडं. मागच्या महिन्यात घास तोंडात असतानाच त्यांनी हात वर करून ऑपरेटरला थांबवलं, स्विंगचा एक बोल्ट आवळायचा राहिला होता.